सेकंडहँड स्कॉर्पिओचं पॉवर स्टिअरिंग गळतंय, रॅक बदलण्याआधी हे बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की २०१२ ची एमहॉक स्कॉर्पिओ दिवाळीनंतर घेतली, दर आठ-दहा दिवसांनी स्टिअरिंगच्या डबीतलं ऑइल मिनिममच्या खुणेखाली जातंय, सकाळी गाडी चालू करून वळवली की घुंईं असा आवाज येतो, फरशीवर पुढच्या बाजूला थेंब पडलेले दिसतात. एका वर्कशॉपने पूर्ण रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा खालचा आडवा भाग) बदलायला सांगून मजुरीसकट तीस हजारांच्या वरचा आकडा दिलाय आणि गावातला मिस्त्री म्हणतोय बाटलीतलं लिकेज बंद करायचं औषध टाकू, वर्षभर निघेल. यातलं काय करू?

दोन्हीला आत्ता नाही म्हणा. रॅक खरंच गेलेला असू शकतो, तसं मी नाकारत नाही, पण गळती नेमकी कुठून होतेय हे अजून कोणीच तुम्हाला बोट ठेवून दाखवलेलं नाही आणि जोपर्यंत दाखवत नाही तोपर्यंत एक रुपया घालवायचा नाही. मी सांगली भागात बरीच वर्षं स्टिअरिंगचंच काम करतोय, आमच्याकडे "रॅक गेलाय" म्हणून येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्या एखादा पाइप, दोन वॉशर किंवा एक ओ-रिंग बदलून परत जातात. कारण साधं आहे, रॅक सगळ्यात खाली बसलेला असतो, वरून कुठूनही ऑइल आलं तरी ते ओघळत रॅकवर आणि क्रॉस मेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर, येतं आणि तिथून टपकतं. खालून टॉर्च मारणाऱ्याला रॅक ओला दिसतो आणि तो रॅकचं नाव सांगून मोकळा होतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हायड्रॉलिक स्टिअरिंगचं ऑइल जळत नाही, आटत नाही, वापरलं जात नाही. इंजिन ऑइल थोडंफार कमी होणं समजू शकतो, पण हे सर्किट बंद आहे, डबीतून पंपात, पंपातून प्रेशर पाइपने रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये, तिथून परत डबीत. त्यामुळे कमी झालं म्हणजे बाहेर गेलं, नाहीतर रॅकच्या टोकांवर असलेल्या रबरी बूटात साठलंय. "जुनी गाडी आहे, थोडं पितेच" असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता प्रेशर किती असतं ते सांगतो म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. सरळ रस्त्याला जाताना सिस्टीममध्ये फार दाब नसतो, पण तुम्ही उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन तिथेच दाबून धरलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, उघडेपर्यंत दाब चढतो, आणि तो अशा गाड्यांत साधारण ७० ते १०० बारच्या घरात जातो. तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात. म्हणजे ज्या जॉइंटमधून एरवी नुसता ओलावा येतो तिथून त्या वेळी धार येऊ शकते. म्हणून गळती शोधताना इंजिन चालू असेल तर पाइपवरून उघडा हात फिरवायचा नाही, बारीक भोकातून येणारी धार चामडीच्या आत शिरते आणि वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं पण आत हात सडायची पाळी येते. तसं कधी झालंच तर थेट दवाखाना. शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा, तो पाइपच्या जवळ धरला की ओल कुठे उमटते ते कळतं.

पहिलं काम, पडणारं ऑइल स्टिअरिंगचंच आहे का ते बघणं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र टाका, त्यावर पुढच्या दोन चाकांची जागा पेनाने खूण करा, सकाळी थेंब कुठे पडलाय ते त्या हिशोबाने बघा. डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट असतं. स्टिअरिंगचं एटीएफ, म्हणजे डबीत असतं ते ऑइल, नवीन असताना लाल, जुनं झालं की तांबूस तपकिरी, आणि फार जुनं असेल तर करपल्यासारखा वास येतो. ब्रेक किंवा क्लच ऑइलची शंका असेल तर थेंब पाण्याच्या ग्लासात टाका, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, एटीएफ वर तरंगतं. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइलही लालच असतं, तेव्हा कूलरच्या पाइपांकडे पण नजर टाका. डबीची लेव्हल रोज एकाच वेळी, इंजिन थंड असताना बघायची, कारण गरम ऑइल फुगतं आणि कधी सकाळी कधी संध्याकाळी बघितलं तर तुम्हाला उगाच वाटत राहतं की कमी-जास्त होतंय.

मग धुलाई. ही पायरी सगळे गाळतात आणि इथेच सगळं चुकतं. दहा-बारा वर्षांची माती आणि ऑइल मिळून जो काळा थर बसलेला असतो त्यात गळती कुठली नवी कुठली जुनी हे कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. डबीच्या खालचा भाग, पंप, प्रेशर पाइपची दोन्ही टोकं, रॅकचं व्हॉल्व्हचं तोंड, दोन्ही बूट, हे सगळं डीग्रीजर आणि ब्रशने साफ करायचं, अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्स प्लास्टिकने झाकून. डिझेलचा फवारा मारू देऊ नका, डिझेल चार दिवस तिथेच ओघळत राहतं आणि तेच लिकेज वाटतं, शिवाय रबराला ते चांगलं नाही. हवा मारून कोरडं केल्यावर जॉइंटवर, पाइपवर टाल्कम पावडर भुरभुरायची, घरातली साधी चालते. पंप बेल्टवर चालतो, तेव्हा बेल्टच्या जवळ पावडर नको. आता गाडी चालू करून एक माणूस आत बसवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा, टोकाला गेल्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्या पावडरवर तांबूस डाग कुठून सुरू होतोय ते स्वच्छ दिसतं. नाही दिसलं तर गावात दोन-चार किलोमीटर फिरवून आणा आणि परत बघा. बघताना वरून खाली बघायचं, सगळ्यात वरचा ओला बिंदू तोच उगम, खालचे सगळे ओघळ. अगदीच बारीक गळती असेल तर एसीवाल्यांकडे चमकणारा डाय आणि निळी टॉर्च असते, ऑइलला चालणारा डाय डबीत टाकून दोन दिवस गाडी चालवायची आणि अंधारात टॉर्च मारायची, पिवळं-हिरवं चमकतं.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, घोडी (गाडी पेलणारं लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही.

या वयाच्या गाडीत माझा पहिला संशय प्रेशर पाइपवर असतो. हा पाइप म्हणजे मधे रबर, दोन्ही बाजूला लोखंडी नळी आणि जिथे रबर आणि लोखंड एकत्र येतं तिथे दाबून बसवलेली लोखंडी टोपी, ज्याला क्रिम्प म्हणतात. इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षं रबर कडक होतं आणि क्रिम्पच्या कडेने ऑइल पाझरायला लागतं. बोटाने रबर दाबून बघा, इंजिन बंद आणि थंड असताना, दाबल्यावर कडक प्लास्टिकसारखं लागत असेल किंवा क्रिम्पजवळ बारीक भेगा दिसत असतील तर पाइप संपला. क्रिम्प आवळता येत नाही, त्यावर एमसील, टेप, क्लिप असलं काही चालत नाही, ७०-१०० बारला ते टिकणार नाही. पाइपच्या टोकाला बंजो बोल्ट (ऑइल आतून जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूचे वॉशर पण बघा, हे वॉशर एकदा दाबले गेले की त्यांचा आकार गेला, बोल्ट खोलला की ते नवेच टाकायचे. आधी कोणी पाइप खोलून जुनेच वॉशर लावले असतील तर तुमची सगळी गळती तेवढ्यामुळेसुद्धा असू शकते. ती दुरुस्ती म्हणजे खर्च जवळपास नाहीच.

पाइप नवीन घ्यायचा का जुनाच भरून घ्यायचा? आमच्या भागात ट्रॅक्टर, जेसीबी, ऊसतोडणी मशीन यांच्यामुळे हायड्रॉलिक होज बनवणारी दुकानं गावोगाव आहेत, ते तुमच्या जुन्या पाइपची दोन्ही लोखंडी टोकं ठेवून मधे नवीन होज क्रिम्प करून देतात, तासाभराचं काम आणि कंपनीच्या पाइपपेक्षा स्वस्त. ते टिकतं पण दोन गोष्टी दुकानदाराला सांगा, एक म्हणजे एटीएफला आणि गरमीला चालणारा होज पाहिजे, इंजिनाशेजारून जाणारा आहे म्हणून, आणि दुसरं म्हणजे लांबी आणि टोकांचा कोन अगदी जुन्यासारखाच पाहिजे, नाहीतर बसवल्यावर पाइप पिळला जातो किंवा कुठेतरी घासतो. अजून एक, बऱ्याच मूळ पाइपांच्या आत आवाज मारण्यासाठी एक बारीक नळी असते, भरलेल्या पाइपात ती नसते, म्हणून काही गाड्यांत वळवताना थोडी घरघर राहते, त्याने काही बिघडत नाही. कंपनीचा पाइप वेळेत मिळत असेल तर मी तोच घ्यायला सांगेन.

रिटर्न पाइप आणि डबीपासून पंपाकडे येणारा पाइप, हे कमी दाबाचे, क्लिपवाले. इथे लोक मिळेल तो पाइप लावतात, रेडिएटरचा, पाण्याचा, डिझेलचा पारदर्शक पाइप पण बघितलाय. पाण्याचा होज एटीएफने फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपच्या खाली कापला जातो. ऑइलचाच पाइप पाहिजे. तुमच्या सकाळच्या आवाजाचा संबंध इथे येतो. डबी ते पंप हा भाग ओढणारा आहे, तिथे क्लिप ढिली असेल किंवा पाइप कडक झाला असेल तर ऑइल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत ओढली जाते, आणि हवा पंपात गेली की तो घुंईं करतो. इंजिन चालू असताना डबीचं झाकण काढून आत बघा, ऑइल शांत फिरत असेल तर ठीक, साबणाच्या पाण्यासारखा फेस दिसत असेल, रंग गुलाबी-दुधाळ झाला असेल, तर हवा जातेय. अर्थात लेव्हल खाली गेली तरी हवा जाणारच, म्हणून आधी लेव्हल बरोबर करून मग हे बघायचं. लेव्हल बरोबर, फेस नाही आणि तरी आवाज आहे, तर डबीच्या तळाशी असलेली जाळी तुंबलेली असू शकते, ती सहसा वेगळी निघत नाही, डबीच बदलावी लागते.

पंपाकडे येऊ. पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की ऑइल पुलीच्या मागून येतं आणि बेल्टवर उडतं, बॉनेटच्या आतल्या बाजूला बारीक फवाऱ्याची रेघ दिसते. ते सील वेगळं मिळतं, बदलता येतं, पण शाफ्ट हाताने वरखाली हलवून बघा, खेळ असेल तर नवीन सीलही थोड्याच दिवसांत जाईल, मग पंप बदललेला बरा. ऑइल लागलेला बेल्ट पुसून वापरायचा नाही, बदलायचा. अल्टरनेटरवर ऑइल गळत असेल तर त्याला उशीर करू नका. आणि गळती एक्झॉस्ट किंवा टर्बोच्या बाजूला उडत असेल तर गाडी तिथेच उभी करा, तापलेल्या लोखंडावर एटीएफ पडून पेट घेऊ शकतं.

आता रॅक, कारण तुम्हाला त्याचंच बिल दाखवलंय. रॅक गळतोय का नाही हे ठरवायची मुख्य जागा म्हणजे दोन्ही बाजूचे रबरी बूट. बूटाची बाहेरच्या टोकाची, म्हणजे टाय रॉडवरची (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावरची) क्लिप सोडा आणि बूट हळूच मागे सरकवा. आत नुसती ग्रीसची पुसट फिल्म असेल, बूट कोरडा असेल, तर त्या बाजूचं सील चांगलं आहे, वर्कशॉपने काहीही सांगू दे. ऑइल बदाबदा बाहेर आलं तर टोकाचं सील गेलं. काही रॅकमध्ये दोन्ही बूट एका बारीक हवेच्या नळीने जोडलेले असतात, त्यातून ऑइल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं, म्हणून दोन्ही बूट सोडून पुसायचे, गाडी फिरवायची आणि मग कुठल्या बाजूला परत येतं ते बघायचं. तिसरी जागा व्हॉल्व्हच्या वरच्या तोंडाची, जिथे स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट येऊन बसतो, तिथलं सील गेलं तर बूट दोन्ही कोरडे आणि तरी रॅक वरून ओला, हे फसवं असतं.

सील गेलंय हे नक्की झालं की पुढचा प्रश्न, नुसतं सील किट टाकून भागेल का? हे रॅकचा शाफ्ट, म्हणजे आत सरकणारा दांडा, ठरवतो. बूट सोडलेलाच आहे, तर स्टिअरिंग अशा दिशेला पूर्ण फिरवा की त्या बाजूने शाफ्टचा चकचकीत भाग बाहेर येईल, तो स्वच्छ पुसा आणि अंगठ्याचं नख त्यावरून आडवं-उभं हलकेच फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर शाफ्ट चांगला. नख कुठे अडकलं, तांबूस ठिपके किंवा बारीक खड्डे दिसले, तर तो गंज आहे, बूट फाटल्यावर पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत जाऊन बसलेला. असल्या शाफ्टवर नवीन सील बसवलं तर ते खड्डे सीलची ओठासारखी कड खात राहतात आणि थोड्याच दिवसांत तुम्ही परत ऑइल भरायला लागता. पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करून देतो म्हणणारे भेटतील, वरची नुसती मळकटी असेल तर निघते, खड्डा असेल तर पेपरने शाफ्टच अजून पातळ होतो. शाफ्टला घासून हार्ड क्रोम करून परत मापात आणणारे लोक मोठ्या शहरांत आहेत, चांगलं केलं तर काम उत्तम होतं, पण त्या खर्चात आणि नव्या रॅकच्या खर्चात किती फरक राहतोय ते आधी विचारा.

म्हणजे हिशोब असा. शाफ्ट गुळगुळीत, स्टिअरिंग दोन्ही बाजूला सारखंच हलकं, रॅकमध्ये खडखड नाही, तर सील किट टाकून रॅक दुरुस्त करा, यात मजुरीच जास्त असते, किट स्वस्त असतं, आणि ज्या माणसाचं रोजचं काम हेच आहे त्याच्याकडूनच करून घ्या, कारण आतली टेफ्लॉनची रिंग ताणून बसवायची आणि परत मापावर आणायची पद्धत आहे, स्क्रू ड्रायव्हरने ढकलून ती बसवली की पहिल्याच दिवशी कापली जाते. एका बाजूला वळवताना जड आणि दुसऱ्या बाजूला हलकं लागत असेल तर आत पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह झिजलाय, दोन्ही बाजूला सारखंच जड असेल तर आधी ऑइल, बेल्ट, पंप बघा. शाफ्ट खड्डेवाला आणि शिवाय व्हॉल्व्ह झिजलेला असेल तर मी पण तुम्हाला रॅक बदलाच म्हणेन. कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारातला जुना रॅक घ्यायचा विचार असेल तर नखाची परीक्षा तिथेच दुकानात दोन्ही टोकांना करा, आणि घेतला तरी नवीन सील टाकूनच बसवा, तो किती दिवस कोरडा पडून होता कोणाला माहीत.

रॅक उतरवताना एक चूक फार होते. कॉलमचा जॉइंट सोडायच्या आधी चाकं सरळ करून स्टिअरिंग सीटबेल्टने किंवा दोरीने बांधून टाकायचं आणि जॉइंटवर पेंटने खूण करायची. एअरबॅगवाल्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली पट्टीची वायर असते, रॅक नसताना कोणी स्टिअरिंग गरागरा फिरवलं तर ती तुटते, एअरबॅगचा दिवा लागतो आणि हॉर्न बंद होतो, तो खर्च वेगळा. टाय रॉडचे आटे मोजून ठेवायचे, बूट आणि क्लिपा नव्या टाकायच्या, आणि काम झाल्यावर अलाइनमेंट करायचीच.

ऑइल कुठलं, तर डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं तेच. या पिढीच्या स्कॉर्पिओसारख्या बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन जातीचं एटीएफ चालतं, होंडाला त्यांचं स्वतःचं वेगळं लागतं, काही युरोपियन गाड्यांना हिरवं लागतं आणि हिरवं-लाल एकमेकांत मिसळायचं नाही. पण सगळ्यात वाईट म्हणजे ब्रेक ऑइल. आमच्याकडे एक गाडी आली होती, ड्रायव्हरने रस्त्यात लेव्हल कमी दिसली म्हणून हाताशी होतं ते ब्रेक ऑइल ओतलं होतं. रॅक खोलला तेव्हा सगळी सीलं फुगून मऊ लिबलिबीत झालेली, चिमटीत धरली तर हातात चुरा. पंप, रॅक, पाइप, सगळं करावं लागलं. डबीच्या झाकणाला ऑइलचं नाव लिहून चिकटवून ठेवा, गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर जास्तच.

दुरुस्ती कुठलीही होऊ दे, जुनं ऑइल काढून टाका. पुढची चाकं उचलून घोडीवर घ्या, डबीचा रिटर्न पाइप सोडून बाटलीत घाला, डबीच्या त्या तोंडाला बूच मारा, डबीत नवीन ऑइल ओतत राहा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बाटलीत लाल स्वच्छ यायला लागलं की पाइप परत जोडा. दोन लिटर हाताशी ठेवा. पंप खराब झाला असेल तर हे दोनदा करा, त्याची लोखंडाची भुकटी सगळीकडे गेलेली असते आणि न धुता नवीन पंप लावला तर तोही जातो. मग हवा काढणं, इंजिन अजून बंदच, सावकाश बरेचदा इकडून तिकडे फिरवा, लेव्हल भरत राहा, बुडबुडे थांबले की चाकं खाली घ्या आणि मगच चालू करा, आयडलवर परत सावकाश फिरवा. घाईने आधीच इंजिन चालू केलं की पंप हवा फेटून ऑइलचा फेस करतो आणि मग तो बसायला तास जातो. हवा पूर्ण निघाली का नाही याची परीक्षा म्हणजे, इंजिन चालू असताना डबीवर लेव्हलची खूण करायची, बंद करून काही मिनिटांनी परत बघायची. लेव्हल ५ मिलीमीटरपेक्षा जास्त वर आली तर आत अजून हवा आहे.

बाटलीतल्या औषधाबद्दल. ते रबर फुगवून मऊ करतं, म्हणून कडक झालेल्या सीलला काही काळ आराम पडतो हे खरं आहे. पण ते निवडून एकाच सीलला फुगवत नाही, चांगल्यांनाही फुगवतं, आणि फाटलेला पाइप, दबलेला वॉशर, गंजलेला शाफ्ट याला त्याचा शून्य उपयोग. गाडी महिन्याभरात विकायची असेल तर लोक टाकतात, आणि तुमच्यासारखा माणूस ती घेतो. तुमच्याही गाडीत आधीच टाकलेलं असू शकतं, डबीतलं ऑइल बोटांत चोळून बघा, एटीएफ पातळ असतं, हे जाडसर चिकट लागलं तर शंका घ्या आणि धुवून काढा. पुढच्या वेळी सेकंडहँड गाडी बघायला गेलात आणि इंजिन नुकतंच धुऊन चकाचक केलेलं असेल तर विकणाऱ्याला गाडी तासभर चालवू द्यायला सांगा आणि आल्यावर पुठ्ठा टाका. हे सगळं हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या गाड्यांना लागू आहे, २०२२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ एनला इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, तिथे ऑइलच नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढच्या आठवड्यात कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय, जाऊ का? धुऊन बघितल्यावर नुसता ओलावा असेल, थेंब लगेच पडत नसेल, बेल्ट कोरडा असेल आणि ऑइल एक्झॉस्टवर जात नसेल, तर जा, बरोबर त्याच ऑइलची एक लिटरची बाटली ठेवा, निघताना आणि घाट चढायच्या आधी लेव्हल बघा, वळणावर स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नका. पण प्रेशर पाइपच्या क्रिम्पमधून थेंब पडत असेल तर जाऊ नका. ऑइल संपलं तरी चाकं स्टिअरिंगला लोखंडाने जोडलेली असतात, गाडी वळते, पण एवढ्या जड गाडीचं स्टिअरिंग घाटातल्या तीव्र वळणावर अचानक दगडासारखं झालं तर सवय नसलेल्या हाताला ते वेळेत फिरवता येत नाही. पाइप काढून, भरून परत बसवायला एक दिवस लागतो, तो करा आणि मग जा.